झाडं मी कोणालाही देत नाही

मंगळवार, १४ मार्च २०२३. आज सकाळी धाकटा भाऊ थोया याला पुरलं. दुपारी माणसं जेवून गेली. उन्हं उतरताना दोघे मोटारसायकलवरून आले, बसले नाहीत, आमच्या संस्थेच्या रोपवाटिकेचे फोटो काढून गेले.

मी, काचे म्वारो, वय ५१, निवृत्त शिक्षिका, थोयाच्या पश्चात 'खाडीकाठची मुलं' या संस्थेची चालक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहिते. दडपण आहे, ते या कागदावर येऊ दिलेलं नाही.

घर बहीण सिदीला. मागची खिडकी नीट लागत नाही, ती आधी दुरुस्त करून घ्यावी.

फळा, कुदळी, झाऱ्या मुलांच्या. थोयाची कुदळ त्यांच्यातल्या द्झामेला. तिनं एकदा दांडा मोडून वाळूत पुरला होता. थोयाला ठाऊक होतं.

चुलतभाऊ कझुंगू याला थोयाच्या चपला. थोया बुडाला असं कागदोपत्री आहे. तो याच खाडीत मुलांना पोहायला शिकवायचा. चपला काठावर जोडीनं ठेवलेल्या सापडल्या. थोयानं जन्मात कधी चपला जोडीनं ठेवल्या नाहीत.

माती देताना कझुंगू कानाशी म्हणाला, "ताई, ही जमीन माणसं खाते. तू कशाला तिच्या तोंडी जातेस?"

मी म्हटलं, "जमिनीला दात नसतात रे, कझुंगू."

आमच्या आजोबांची ही जमीन माझ्यानंतर रीतीप्रमाणे कझुंगूलाच जाते. ती मिठागरवाल्यांना द्यायचं त्यानं कबूल केलंय. ते मला बदलता येत नाही.

मात्र तिच्यावरचे नारळ आणि काजू मी कोणालाही देत नाही, कारण ते माझे नाहीत. आपल्याकडे जमीन कोणाचीही असो, झाड लावणाऱ्याचं. शिकून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाकडून थोयानं वडीलधाऱ्यांसमोर एक झाड लावून घेतलं. तोडायचं तर त्या प्रत्येकाच्या दारी जाऊन विचारावं लागेल. मी नाहीशी झाले तरी एकही झाड तोडायला मोकळं होणार नाही.

हे मिठागरवाल्यांना वेळेत कळावं म्हणून हे मृत्युपत्र माझ्या मरणाची वाट न पाहता येत्या शुक्रवारी आंब्याखाली मोठ्यानं वाचावं. कझुंगूला पुढे बसवावं.

सही करताना साक्षीला बसलेल्या शेजारच्या येरी आजोबांनी विचारलं, "वाचताना तू असशील ना गं?"

"असायचा विचार आहे, आजोबा."

ते हसले नाहीत.

साक्षीदार: येरी चेंगो (अंगठा), न्येवू कटाना, परिचारिका
सही: काचे म्वारो
स्थळ: मकोमानी खाडी, किलिफी

साक्षीदार उजेड असतानाच गेले. रोपांना पाणी घालायचं राहिलं होतं. ते थोयाचं काम. घातलं. झारी दारापाशी पालथी ठेवली, रात्री कोणी आलं तर वाजेल अशी.