संगणकाच्या कपाळावर राकियाची पट्टी

निश, २ डिसेंबर

आदरणीय राशामामास झोरानाचा नमस्कार.

तुमचा डावा गुडघा कसा आहे? उजव्याची चौकशी करत नाही, कारण मागच्या पत्रात तुम्ही तो निर्दोष असल्याचं कळवलं होतं. इथे स्तामेनामावशीचा रक्तदाब १३५ वर ८५ आहे. माझा मोजलेला नाही. पत्रास कारण आहे, पण तिथपर्यंत पोचायला जरा वेळ लागेल.

निशावा नदीच्या पुरावरचा माझा प्रबंध वीस तारखेला सकाळी नऊला द्यायचा आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. पुराची मोजमापं संस्थेकडून आज मिळाली. त्यांचं गणित करायला माझ्या संगणकाला अठरा दिवस लागतात, म्हणजे वीस तारखेची संध्याकाळ. आमच्या प्राध्यापक बाई संध्याकाळ स्वीकारत नाहीत. मग एक वर्ष थांबायचं. म्हणून मोजमापं येण्याआधीच मी संगणकाचा वेग ठरलेल्या मर्यादेपेक्षा पंचवीस टक्क्यांनी वाढवला. आता साडेचौदा दिवस पुरतात. (कारखाना याची जबाबदारी घेत नाही. मी घेतली.) मात्र असा पळवलेला संगणक तापतो, तापला की चुकतो, आणि चुकलो हे सांगत नाही. त्यामुळे आधी त्याला चोवीस तास अखंड अवघड गणितं घालायची. एकही चूक झाली नाही तरच विश्वास ठेवायचा. लग्नाळू मुलांनाही हीच परीक्षा असावी असं माझं मत आहे, पण ते विषयांतर झालं.

पहिल्यांदा तो चौदा मिनिटं टिकला. मी वीजदाब किंचित वाढवला, पेटीची एक बाजू काढली, खिडकी उघडली, समोरचं दार उघडलं. बाहेर दोन अंश. तापमान ७८ वर स्थिर. चार वाजून दहा मिनिटांनी ते ९७ झालं आणि संगणकाचा पडदा काळा पडला. दुसऱ्या दिवशीही चार-दहा. तिसऱ्या दिवशी मी चारला खिडकीच्या पडद्याआड उभी राहिले. चार-दहाला मावशी दुकानातून आली, पायातले बूटही न काढता आत धावली (हे तिच्या घरात भूकंपातही चालत नाही) आणि खिडकी धाडकन लावली. "दार उघडं, खिडकी उघडी, आणि मधोमध ही बया! हा आरपार वारा, प्रोमाया, लागून मरायचंय का तुला? तुझ्या आईला काय तोंड दाखवू मी?"

मी आलेख दाखवला. तिने पुराव्यादाखल शेजारचे बोझिदारकाका आणले. १९८९ साली बसच्या खिडकीतून आरपार वारा लागल्यापासून त्यांची मान डावीकडे आहे. "पोरी, एकच खिडकी होती. तीही अर्धी," असं ते म्हणाले. (मानेमुळे हे त्यांनी कपाटाला सांगितलं.) आलेखाला उत्तर देता येतं, मानेला नाही.

मग मावशीने पेटीवर तळहात ठेवला आणि सगळंच पालटलं. "अगं बाई, हा तर फणफणलाय! अशा तापात वाऱ्यात बसवलंस याला? इंजिनिअर म्हणे!" मी 'थांब' म्हणायच्या आत तिने त्याला लोकरी शाल गुंडाळली. तीन मिनिटांत पडदा काळा. वारा हेच याचं औषध आहे, असं मी चार प्रकारे समजावलं. जिन्यापर्यंत जाऊन काकांनाही समजावलं. परत आले तो संगणक सुरू, खिडकी सताड उघडी, आणि मावशी तुम्ही सणासाठी पाठवलेली राकिया, ती कडक दारू, ताप उतरवायला फडक्यावर ओतत होती. घट्ट पिळून पट्टी पेटीच्या माथ्यावर, दर अर्ध्या तासाला नवी. स्वतः दोन शाली, कातड्याची टोपी आणि कानात बोळे घालून शेजारी विणत बसली. "दुखणाईताला एकटं सोडतात का?" काका दोन संत्री आणि कॉफीचा पुडा घेऊन समाचाराला आले. संत्री पेटीशेजारी ठेवली. कोणीही हसलं नाही.

मामा, तापमान ६१ झालं. एकसष्ट! चोवीस तासांत चुका शून्य. मी वहीत लिहिलं: 'राकियाचा परिणाम: उणे सतरा अंश', आणि खाली दोन रेघा मारल्या. मग मी नाचले. (चार पावलं. साक्षीदार: मावशी.) आज संध्याकाळी खरं गणित सुरू करते आहे.

तुमची भाची,
झोराना

ता. क. (३ डिसेंबर) गणित सुरू केलं. पडद्यावर आलं: उरलेला वेळ, अठरा दिवस. शालीनंतर पुन्हा सुरू होताना संगणकाने 'नेहमीच्या सुरक्षित वेगावर आणू का?' असं विचारलं होतं. मी तेव्हा जिन्यात होते. मावशीने 'हो' दाबलं. ("सुरक्षित म्हणत होता बिचारा, नाही कसं म्हणू?") म्हणजे चोवीस तास आम्ही ठणठणीत संगणकाची शुश्रूषा केली. वहीतलं वाक्य खोडलं आहे. दोन रेघा आता त्या खोडण्याखाली आहेत.

ता. क. २. आता कारण. सोंबोरला तुमचं तळघर अकरा अंशांवर असतं आणि त्याला एकच खिडकी आहे, म्हणजे वारा आरपार जाणं अशक्य. हे पत्र आजच्या बसच्या चालकाकडे देते आहे. उद्याच्या बसने संगणक घेऊन मी येते. वेग पुन्हा वाढवून पाच तारखेच्या संध्याकाळी परीक्षा संपली, तर गणित वीस तारखेला सकाळी सहाला संपेल. तीन तास हातात राहतात. कृपया नाही म्हणू नका.

ता. क. ३. मावशीही येते आहे. आजाऱ्याला एकटं पाठवणं तिच्या तत्त्वात बसत नाही. शाल तिने बांधून घेतली आहे, आणि काकांच्या बसलाही एकच खिडकी होती हे ती विसरलेली नाही. तेव्हा, मामा, आम्ही पोचायच्या आत त्या खिडकीचं तावदान काढून कुठेतरी लपवून ठेवा. लावण्यासारखं काही राहिलं, तर ती लावेल.