पूर्णारंजनीचा अंतरा

मु. बोरी

प्रिय चंद्रभानराव यांना बन्सीधर दाजींचा नमस्कार, आणि एकसष्टीचे आशीर्वाद आधीच देऊन ठेवतो. मानवतला तुमचे अडत दुकान, माधवीबाईंचे गुडघे आणि तुमचा रक्तदाब, तिन्ही जागेवर असतील असे धरून चालतो. तुमची ताई ठणठणीत आहे. माझी तब्येतही बरी होती, पण या आठवड्यात मी असा हादरलो आहे की अजून जेवण गोड लागत नाही. फोनच केला असता, पण फोनवर मी ओरडतो असे तुम्ही सगळे म्हणता, आणि मला आज ओरडायचेच आहे, म्हणून कागद घेतला.

पूर्णारंजनी हा मी बांधलेला राग तुम्हाला ठाऊक आहे (ठाऊक नाही म्हणालात तर मी मानवतला येऊन ऐकवीन). त्यातल्या कोमल गंधारावरून पुण्याच्या एका विद्वानांशी माझा पत्रव्यवहार इतका रंगला, की शेवटी त्यांनी मुद्द्याला उत्तर देणे सोडून दिवाळीचे छापील शुभेच्छापत्र पाठवले. जन्मभर बंदिशी बांधल्या, शाळेत पोरांना शिकवल्या, पण एक ओळ कुणाच्या तोंडी राहिली नाही. हे दुःख तुम्हाला मी दर दिवाळीला ऐकवतो आणि तुम्ही दर दिवाळीला चकली पुढे करता. म्हणून नातू रामच्या बारशाला याच रागात एक पाळणा बांधला. हेलकाव्याला धरून संथ लय, सोपे शब्द. तुमच्या एकसष्टीच्या पत्रिकेत ‘स्वरचित बंदिश, गायक बन्सीधरराव’ असे छापले आहे ना, ती हीच.

आता ऐका. घसा धरल्यामुळे पावसाळाभर माझे गाणे बंद होते. सोमवारी पहाटे अंगणात बसून पहिल्यांदा आवाज लावला. पाळण्याची स्थायी दोनदा घोळवली आणि डोळे उघडले, तर दारात अर्धी गल्ली उभी! बायकांच्या डोक्यावर पदर, पुरुषांच्या टोप्या हातात. मला वाटले, अखेर रसिक जमले. तेवढ्यात शेजारच्या वच्छलाबाई हळूच पुढे आल्या आणि म्हणाल्या, “कोन गेलं वो सर? चुली पेटवायच्या का न्हाई, ते तरी सांगा.” मयत हलेपर्यंत आपल्याकडे गल्लीत चूल पेटवत नाहीत, हे तुम्ही जाणताच. माझ्या एका स्थायीने सगळी गल्ली उजाडेपर्यंत बिनचहाची बसली होती!

मी थेट तुमच्या बालमित्राचे, भजनी मंडळाच्या सितारामचे घर गाठले. त्याला लाज नाही, संकोच नाही, उलट अभिमान! बारशाच्या दिवशी त्याने पाळणा मोबाइलवर भरून घेतला, मंडळाच्या ग्रुपवर टाकला, त्यावर एक अभंग बसवला आणि अंत्ययात्रेला म्हणायला घेतला. का, तर म्हणे जुनी चाल पळवते आणि खांदेकऱ्यांचे पाय चुकतात. “तुमच्या चालीवर तिरडी कशी डुलत जाती सर, हिसका म्हनून न्हाई. लय सोय झाली. आता येलदरीपस्तोरची समदी गावं मयत ह्याच्यावरच नेयलेत.” चंद्रभानराव, मी त्या बाळासाठी हेलकावा बांधला होता हो! डॉक्टरांनी धूर टाळायला सांगितल्यापासून मी मयतीला जात नाही, म्हणून माझ्याच चालीचा पत्ता मला सगळ्यांत शेवटी लागला.

याच आठवड्यात भुजंगबुवा खरोखरच गेले. (नव्वदी ओलांडली होती, तरी गल्लीने माझ्याकडे असे पाहिले, जणू सोमवारी मीच त्यांना आवतण दिले.) मी ठरवले, भर रस्त्यात मंडळ थांबवायचे. काठी घेऊन कोपऱ्यावर उभा राहिलो. टाळ वाजत आले, तिरडी आली, आणि ज्या गंधारावरून पुण्याने मला जन्मभर छळले, तो गंधार त्या शेतकऱ्यांनी असा अलगद हलवला की माझी काठी हातातच राहिली. मग मी रडलो. हमसून हमसून रडलो. भुजंगबुवांच्या मुलांनी दोन्हीकडून धरून मला नेले, घरच्यांच्या पंगतीत बसवून शेजाऱ्यांनी आणलेली पिठलं-भाकरी खाऊ घातली. भुजंगबुवांशी माझे उभ्या आयुष्यात बोलणे नव्हते, पण आता गावात आमची जिवलग दोस्ती झाली आहे.

एकसष्टीला निम्मे पाहुणे बोरीचे. मी तोंड उघडताच ते टोप्या काढून उभे राहतील आणि तुम्हाला कुठे ठेवले आहे ते विचारतील. तुमच्या ताईने तर घरात गुणगुणायचीही बंदी घातली आहे (“गावात लग्नं हायेत, गप बसा”). म्हणून आज्ञा समजा, विनंती समजा, तातडीने बोरीला या, सितारामला दम भरा आणि माझी चाल त्याच्याकडून सोडवा. तो तुमच्याशिवाय कुणाचे ऐकत नाही.

तुमचा,
बन्सीधर

ता. क. पत्रिकेतले माझे नाव खोडू नका. एकसष्टीला दुसरे काहीतरी गाईन. बंदिशी पडून आहेत पुष्कळ.

आणखी ता. क. पाकीट बंद करून पुन्हा उघडले. सितारामला दम भरू नका. बोरीला मात्र या, काम वेगळे आहे. मंडळ फक्त स्थायी म्हणते, पुढचा अंतरा कधीच नाही. विचारले तर सिताराम म्हणाला, “अंतऱ्यापस्तोर जावं, तर मसनवटा येतो.” त्या पाळण्याचा सगळा जीव अंतऱ्यात आहे हो. तेव्हा तुम्ही समोर बसून त्यांच्याकडून अंतरा घोटून घ्या, आणि सितारामला बजावून ठेवा, की माझ्या वेळी मला जवळच्या रस्त्याने नेऊ नका. मारुतीच्या देवळावरून, बाजारातून, शाळेला वळसा घालून न्या, म्हणजे अंतरा पुरा होईल. चुकले तर त्या दिवशी मला दुरुस्त करता येणार नाही.