डिकीतला स्पीकर

नान्ना, तुम्हाला मराठीतच लिहिते आहे. घरात आपण सगळे तेलुगू बोलायचो, पण मला तेलुगू लिहिता कधी आलं नाही, आणि तुम्हीही ते वाचायला शिकला नव्हतात. बोलायची भाषा एक आणि लिहायची दुसरी, याचं आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात कुणाला विशेष वाटत नाही. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की वडील म्हणून तुमच्यावर चिडणं आता थांबायला हवं होतं. थांबलेलं नाही. परवा जुळे सोलापुरात आमच्या सोसायटीतल्या एका तरुणाने नव्या गाडीत कसला तरी मोठा स्पीकर बसवून आणला. कंपनीने दिलेला आवाज त्याला पुरेना म्हणे. त्याने तो लावला आणि माझ्या स्वयंपाकघरात मांडणीवरची भांडी थरथरायला लागली. सून म्हणाली, आई, तुम्ही शिक्षिका होतात, तुमचं ऐकेल तो, जरा सांगून या. मी गॅलरीत जाऊन उभी राहिले, आणि त्याच्याऐवजी तुमचाच राग आला. त्याला काही न बोलता आत आले आणि हे लिहायला बसले.

तुम्ही गाडी घेतलीत तेच मला पटलं नव्हतं. घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये आपले माग, दिवसभर त्यांचा खडखडाट, आणि आपण चादरी विणून विकणारी माणसं. गठ्ठे न्यायला हातगाडी होती, तुम्हाला सायकल होती. पण गावातले एक डॉक्टर कायमचे मुलाकडे राहायला निघाले आणि त्यांची जुनी राखाडी मोटार तुमच्या मनात भरली. चादरींचे गठ्ठे व्यापाऱ्यांकडे गाडीतून नेता येतील, असं तुम्ही अम्माला सांगितलंत, आणि तिने विश्वास ठेवला. गाडीत कारखान्यातूनच बसवून आलेला रेडिओ होता. त्याला पुढे एकच छोटा स्पीकर. गल्लीतली माणसं गाडीपेक्षा रेडिओ बघायला यायची. तुम्ही मात्र तो लावायचात, मान तिरकी करून थोडा वेळ ऐकायचात आणि बंद करून टाकायचात. म्हणायचात, "याच्या आवाजाला बूडच नाही." मी म्हटलं, नान्ना, छान ऐकू येतंय की. त्यावर तुम्ही हो नाही की नाही नाही, रेडिओच्या खुंट्या पिळत बसलात. तुमची ही सवय आमच्या अंगवळणी पडली होती. आम्ही काही म्हटलं की एकतर "हो हो" म्हणायचं, नाहीतर दुसऱ्याच कामाला लागायचं.

मग तुम्ही त्या लाउडस्पीकरवाल्याला धरून आणलंत. टांग्यात बॅटरी आणि ॲम्प्लिफायर ठेवून तो नव्या सिनेमाची जाहिरात करत गावभर फिरायचा, लग्नाकार्यात कर्णे लावायचा. तुम्ही त्याला सांगितलंत, गाडीतला रेडिओ आहे तसाच ठेव, पण त्याचा आवाज ॲम्प्लिफायरमधून काढ आणि मागे मोठ्या स्पीकरला दे. तो रविवार मला अजून दिसतो. गाडी अंगणात उभी आहे, तिची पुढची सीट बाहेर काढून दारासमोर ठेवली आहे, अम्मा भरलेली कळशी घेऊन त्या सीटला वळसा घालते आहे, आणि तुम्ही दोघं गाडीच्या पोटात डोकं घालून बसला आहात. जेवायला हाक मारली तर तो येतो म्हणाला, तुम्ही काहीच नाही. मागाचे लाकडी भाग करणाऱ्या सुताराकडून तुम्ही सागवानी पेटी बनवून घेतली होती. ताटाएवढा स्पीकर तिच्या तोंडावर बसवलात, आत शेडमधलं वाया गेलेलं सूत कोंबलंत आणि पेटी डिकीत सरकवलीत. डिकी भरली. म्हणजे चादरींचे गठ्ठे पुन्हा हातगाडीवर. अम्माने एवढंच विचारलं, की मग आता गाडी कशाला आहे? तुम्ही म्हणालात, आधी ऐक तर खरं.

ऐकायला आम्ही गाडीत बसलो, तर इंजिन सुरू केल्याबरोबर स्पीकरमधून बारीक शिट्टी निघाली. इंजिनचा जोर वाढेल तशी ती चढत जायची. अम्माने आणि मी कानांवर हात ठेवले. तुम्ही आमच्याकडे वळून विचारलंत, काय झालं. लाउडस्पीकरवाला तुमच्या तोंडाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "सेठ, ये सीटी तुमकू सुनाई नै देती?" तुम्ही त्याला म्हणालात, येते की ऐकू, तीच काढायला सांगतोय तुला. त्याने ॲम्प्लिफायरची तार सरळ बॅटरीपासून ओढून घेतली, दुसरी तार पत्र्याचा रंग खरवडून घट्ट बसवली, आणि शिट्टी गेली. जाताना त्याने बजावलं, की इंजिन बंद ठेवून हे वाजवू नका, बॅटरी बसेल. तुम्ही म्हणालात, हो हो.

त्यानंतरचे ते महिने आठवले की आजही माझं डोकं दुखतं. ढोलकीचा ठेका कानातून नव्हे, सीटमधून पाठीत शिरायचा. अम्माने गाडीत बसणं सोडलं. मला मुलींच्या शाळेत नुकतीच नोकरी लागली होती आणि तुम्ही हौसेने मला सोडायला यायचात. गाडी फाटकात यायच्या आधी तिची धडधड वर्गात पोहोचायची, मुली खिडकीशी गोळा व्हायच्या. मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून सांगितलं, वडिलांना आवाज जरा बेताने ठेवायला सांग. मी तुम्हाला सांगितलं. हो हो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी शाळेच्या कितीतरी आधी उतरून चालत जायला लागले. तुम्हाला वाटलं, मला चालायची आवड आहे.

आणि मग मला बघायला भिवंडीची मंडळी आली. आपल्याच समाजातली, मुलगा बँकेत, सोबत आईवडील. उतरणार होते गावातल्या एका नातेवाइकांकडे, पण स्टेशनवरून त्यांना आधी आपल्या घरी गाडीतून आणायचं तुम्ही ठरवलंत. अम्मा म्हणत होती, टांगा पाठवा. आगगाडीला उशीर झाला, आणि तुम्ही स्टेशनबाहेर इंजिन बंद करून, रेडिओ लावून बसलात. लाउडस्पीकरवाल्याने सांगितलं होतं तसंच झालं. पाहुण्यांचं सामान वर बांधलं, मुलाची आई मागे बसली, आणि बॅटरी गार. ढकलून कशीबशी सुरू केलीत, तर आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर पुन्हा बंद. मी खिडकीतून पाहिलं. तुम्ही स्टिअरिंग धरून बसला आहात, मागच्या सीटवर त्या बाई पाषाणासारख्या, आणि मुलगा बाह्या वर सारून गाडी ढकलतो आहे, ढकलता ढकलता वडिलांना काहीतरी सांगून हसतो आहे. अम्माने कपाळाला हात लावला.

त्या दिवशी पाहुण्यांसाठी माग बंद ठेवले होते. शेड गप्प, घर गप्प. तेव्हा खडखडाटात ऐकू आलं नाही, असंही म्हणायला जागा नव्हती. मी सरबताचे पेले ठेवून भिंतीशी बसले होते. मुलाच्या आईचा आवाज बारीक, त्यात त्या खाली बघून बोलत होत्या. म्हणाल्या, आमच्या घरात सुना नोकरी करत नाहीत, लग्नाआधी शाळा सोडावी लागेल, चालेल ना? सगळ्यांनी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही तोंडभर हसलात आणि म्हणालात, "हो हो, चालेल की."

मंडळी गेल्यावर मी तुमच्यासमोर उभी राहिले. विचारलं, मला न विचारता तुम्ही शाळा कशी सोडून दिलीत? मला शिकवण्यासाठी तुम्हीच तर भावकीशी भांडला होतात. तुमच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी आलं आणि गेलं. तुम्ही म्हणालात, हो म्हटलंय ना, मग झालं तर. मला रडू आलं, ते दुःखाचं नव्हतं, निव्वळ संतापाचं होतं. मी पाठ फिरवली तेव्हा तुम्ही म्हणालात, चल, गाडीत बस, चक्कर मारून येऊ. बॅटरी तेवढ्यात कुठूनतरी भरून आणली होतीत. त्याही वेळी तुम्हाला चक्कर सुचावी!

ऊन उतरत होतं. तुम्ही अक्कलकोटच्या रस्त्याला लागलात आणि रेडिओ लावलात. मी रागाने मागे बसले होते. एक बाई बातम्या देत होत्या. तुम्ही त्या अर्ध्यावर सोडून काटा फिरवलात, ढोलकी लागली, तसा तुमचा एक हात शेजारच्या सीटच्या पाठीवर गेला. तळवा पसरून तुम्ही तो तिथे दाबून धरलात, तापाच्या माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा. मी मागून म्हटलं, नान्ना, मला हे लग्न करायचं नाही. तुम्ही गाडी चालवत राहिलात. मी पुन्हा म्हटलं, मोठ्याने. मग, का कुणास ठाऊक, म्हटलं, नान्ना, आपल्या शेडला आग लागली आहे. तुमची बोटं ठेका धरून हलत होती.

मी पुढे वाकून रेडिओ बंद केला. तुम्ही दचकून गाडी कडेला घेतलीत. मी उतरून पुढे आले, तुमच्या शेजारी बसले आणि तुमच्याकडे तोंड करून विचारलं, तुम्हाला माझं बोलणं ऐकू येतं का? तुम्ही समोरच्या ज्वारीकडे तोंड वळवलंत.

"तू बोलतेस ते दिसतं," तुम्ही म्हणालात. "समोर असलीस की बरंचसं कळतं."

मग हळूहळू सांगितलंत. आधी बारीक आवाज गेले, पाखरांचे, अम्माच्या बांगड्यांचे. मग रेडिओतल्या बायकांचे, मग माझा. मागांजवळ आयुष्य काढलेल्या सगळ्यांचंच थोडंफार तसं होतं म्हणालात, पण तुमचं जरा जास्त झालं होतं. जाड आवाज तेवढे उरले होते, आणि त्या पेटीतून आलेले तुम्हाला पाठीने, हाताने कळायचे. मी विचारलं, मग सांगितलं का नाहीत? घरात तरी? तुम्ही म्हणालात, "मालक बहिरा आहे म्हटलं की लोक पाठीमागे बोलत नाहीत. तोंडावरच बोलतात." मला तुमची दया यायला हवी होती. मला इतका राग आला होता की मी परत येईपर्यंत तुमच्याशी बोलले नाही. बोलून उपयोग तरी काय होता, तुम्ही रस्त्याकडे बघत होतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही धुतलेलं धोतर नेसलात आणि मला म्हणालात, चल. मुलीला घेऊन मुलाकडच्यांना भेटायला जायची रीत नव्हती. अम्मा अडवत होती. तुम्ही तिचं ऐकलं नाहीत, की तुम्हाला ऐकू आलं नाही, ते मला आजही माहीत नाही. नातेवाइकांच्या ओसरीवर सगळे बसले होते, शेजारची दोन माणसंही होती. तुम्ही उभ्या उभ्याच सांगितलंत, की मला कानांनी फार कमी ऐकू येतं, काल मी ज्याला हो म्हणालो ते मला ऐकूच आलं नव्हतं, पुन्हा एकदा सांगा. मुलाचे वडील उठले आणि तुमच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, की मुलीने शाळा सोडायची. तो आवाज बाहेर रस्त्यावर गेला असेल.

"आता ऐकू आलं," तुम्ही म्हणालात. "नाही चालणार."

मुलाने एकदा आईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि खाली मान घातली. आपण निघालो.

त्यानंतर सगळ्या पूर्व भागाला कळलं. तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं, लोक तुमच्या तोंडावर बोलायला लागले, चादरीचे व्यापारीसुद्धा. अम्मा कितीतरी दिवस तुम्हाला जेवायला वाढायची आणि एक शब्द बोलायची नाही. तुम्हाला फरक कळत नाही, या रागाने ती आणखी चिडायची. मला वाटलं होतं, आता तरी तुम्ही शहाण्यासारखे वागाल. डॉक्टरांनी कानाचं यंत्र दिलं, ते तुम्ही दोन दिवस लावलंत आणि नुसता गोंगाट होतो म्हणून कपाटात टाकलंत. आणि डिकीतली ती पेटी! पुढे माझं लग्न ठरलं, नोकरीला हरकत नसलेल्या, शांत माणसाशी, तेव्हा कार्यालयापर्यंत तुम्ही मला त्याच गाडीतून नेलंत, तोच ठेका लावून. माझ्या डोक्यावरची फुलं हलत होती. मी निवृत्त होईपर्यंत शिकवलं, नान्ना. कितीतरी मुली हाताखालून गेल्या. त्याबद्दल तुमचे आभार मानावेत असं दर वेळी मनात येतं, आणि दर वेळी ते "हो हो" आठवतं आणि डोकं तापतं. वेळेवर एक वाक्य बोलला असतात तर अम्माला, मला, तुम्हालाही किती सोपं गेलं असतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. सुनेला वाटतंय, मी सोसायटीकडे आवाजाची तक्रार लिहिते आहे. एकच गोष्ट राहिली आहे, ती अम्मालाही कधी सांगितली नाही. त्या ओसरीवरून परत येताना तुम्ही गाडी मध्येच थांबवलीत, रेडिओ बंद केलात आणि विचारलंत, मुलगा गेला त्याचं वाईट वाटलं का? मला तो आवडला होता. त्याच्यासाठी मी शाळा सोडली नसती, पण आवडला होता. मी पूर्ण तुमच्याकडे वळले, तुम्हाला नीट दिसेल असं तोंड उघडून, सावकाश "नाही" म्हणाले.