परसातलं बटाट्याचं बेणं

कडाव, माघ महिना

ऋतिका पोरी,

भात झोडून झाल्यावर तू परसात बटाटे कापून, राख फासून पुरलेस. तवा मी शेजारणीदेखत बोलले, "मंचरकडची सून खायचा जिन्नस मातीत घालते." त्यावरनं शब्दाला शब्द वाढला, आन तू माहेरी गेलीस.

मागं तुझ्या बटाट्यांकडं मीच बघितलं. आमी वाल लावणारी माणसं. आमच्या वालाला दव पुरतं, पाणी घालायची सवय नाय. माघात तुझा पाला पिवळा पडला. मला वाटलं, माझ्याच बोलण्यानं सुकतंय. म्हणून सकाळ-संध्याकाळ कळशी ओतत राहिले. काल खणलं तर अर्धे कुजलेले. पाला पिवळा म्हंजे बटाटा तयार, आन मी त्या तयार पिकाला पाणी पाजत बसले होते गं.

आनखी एक सांगायचं हाय. तू गेलीस त्या आठवड्यात आपला नवीन तुला आणायला निघालेला. मीच त्याला म्हटलं, "तिचा फोन आलेला, येऊ नको म्हणाली." तुझा फोन आलाच नव्हता. माझा लेक मानी, दारातनं माघारी फिरला. तूही तिकडं वाट बघत बसली असशील.

हे लिहिताना कळलं, आधी नवीनला सांगायला हवं. तो रसायनीच्या कामावरनं आला की सांगते. मंग हे पत्र टाकायची गरज नाय, आमी दोघंच येतो तुला न्यायला.

चांगले निघाले त्यातला एक पण शिजवला नाय. बेण्याला वाळूत ठेवलेत. पुढच्या साली कोंबाचे डोळे बघून तू काप. राख मी फासते.

तुझी सासू,
हिराबाई