आठवा लागायच्या आत

पाली, ता. वेल्हे
६ फेब्रुवारी १९६९

तीर्थरूप दादास,

कुंदाचा नमस्कार. मी खुशाल आहे. मुक्काम सुलूच्या सासरीच. सकाळी गावात घरोघरी जाऊन कोण काय पिकवतं, किती खातं ते विचारते. दुपारी ओसरीवर बसून गुणाकार-भागाकार. लोकांना वाटतं मी सारा वाढवायला आले, म्हणून निम्मं धान्य लपवतात आणि वर चहा पाजतात. पुढच्या आठवड्यात जिनिव्हाला जायचं आहे. श्रीमंत आणि गरीब देशांच्या ताटांत किती फरक, यावर बोलायला बोलावलं आहे. वहिनीला सांग, स्वेटर पोचला.

सुलूचं सासर खातंपितं आहे. आमची अभ्यासाची रीत अशी, की घरातलं धान्य सगळ्या माणसांत सारखं वाटलं जातं असं धरायचं. त्या हिशेबानं आपल्या बहिणीचं पोट भरलेलं आहे.

दादा, ते भरलेलं नाही.

तिला दिवसातून एकदा नाचणीची अर्धी भाकरी मिळते. तिच्या सासूबाई, बनाबाई, दुष्ट नाहीत. जीव लावतात. मागच्या खेपेला बाळ अडलं आणि गेलं, ते तुला ठाऊक आहे. त्या म्हणतात, "पोटभर खाल्लं का बाळ वाढतं, मग त्याला वाट गावत न्हाई. येकदा म्या तिला मरता मरता बगितली. पुन्यांदा न्हाई बगायची." सुलूलाही ते पटलं आहे. माझ्या भाकरीवर तूप वाढते आणि स्वतः ताक पिते.

परवा पाणी शेंदताना ती विहिरीच्या काठावर कोसळली. मी शेजारी होते म्हणून धरता आलं. मी दवाखान्याचं नाव काढलं, तर बनाबाईंनी मलाच विचारलं, "तुमी येवढ्या शिकल्याल्या. जादा खाऊन अडलं, तर जिम्मा घ्याल?" इतक्या देशांचे आकडे तोंडपाठ आहेत मला, आणि मी घाबरले. अजून घाबरलेलीच आहे.

सोमवारी तिला आठवा लागतो. आठव्यात तिला कुणी हलवू देणार नाही, आणि नवव्यापर्यंत ती टिकेल असं मला वाटत नाही. मीच नेते म्हटलं, तर बनाबाई म्हणाल्या, "बहिनीसंगं धाडायची रीत न्हाई. भाऊ मुराळी म्हनून आला, तर न्हाई म्हननार न्हाई." त्या शब्दाच्या पक्क्या आहेत. म्हणून तू ये. वार बघू नकोस, कचेरीत रजा मिळो न मिळो. त्यांचा गडी गेनबा आज बाजाराला भोरला येतो आहे, त्याच्याच हाती हे देते. त्याच्याबरोबरच निघ. तू येईपर्यंत मी तिच्याजवळून हलत नाही. जिनिव्हा राहिलं तरी राहू दे.

काल मी माझी भाकरी तिच्यापुढे सारली. तिनं ती उचलून परत माझ्या ताटात ठेवली आणि म्हणाली, "अगं, आता मला भूकच लागत नाही."

हे ती आनंदानं सांगत होती, दादा.

दाराकडे डोळे लावून बसलेली,
तुझी कुंदा