फळ्यावरची विहीर

२ एप्रिल १९७३, सकाळी
आजपासून चावडीसमोर वार्ताफलक. रेडिओवरच्या बातम्या ऐकायच्या, सार काढायचं, टपोऱ्या अक्षरात लिहायचं. रोज. खाडा नाही. वाचक मोजले : एकेचाळीस. दुष्काळात गावाला पाण्याइतकीच माहितीची गरज आहे. ‘फलक आणि ग्रामीण जनमत’ हा माझा प्रबंध दिवाळीपर्यंत पुरा.

५ एप्रिल
सोसायटीचे चेअरमन सिद्रामप्पा स्वतः घरी आले. टँकर सोसायटीच्या विहिरीत ओततात, लोक उगाच शंका काढतात. पाणी उत्तम आहे असं लिहा म्हणाले. तुमच्या अक्षराला वजन आहे म्हणाले. पिवळ्या खडूनं लिहिलं. सुरेख उतरलं. बायकोला, शिवकांताला, वाचता येत नाही; तिला तोंडी सांगितलं.

६ एप्रिल
बौद्धवाड्यातल्या नागूबाई आल्या. दुष्काळी कामावर खडी फोडतात. म्हणाल्या, “गुर्जी, इहिरीच्या पाण्याला वास मारतोय. तेवढं फळ्यावर लिवा.” बातमीला पुरावा लागतो, हे समजावलं. त्यांनी तांब्याच पुढं केला. हुंगला नाही. घाईत होतो.

८ एप्रिल
नागूबाईंनी खडीवर तोंडोतोंडी बोभाटा केला. बौद्धवाडा आता दोन मैलांवरच्या झऱ्याला जातो. अफवेचा नमुना म्हणून प्रबंधासाठी टिपून ठेवलं. गावात तिघांना जुलाब. ऊन फार.

१० एप्रिल
अकरा आजारी. घरोघर सर्वेक्षण केलं. विहिरीचं पाणी चांगलं, हे कुठं कळलं? नऊ जणांनी फळा म्हणून सांगितलं. फलकाचा परिणाम सिद्ध. बौद्धवाड्यात कुणीच आजारी नाही. कारण शोधायला हवं. सिद्रामप्पांची घरची मंडळी सोलापूरला गेली. लग्न असेल.

११ एप्रिल, दुपारी
पोस्टमन ज्ञानोबा वारले. रोज पहिले वाचक तेच. दुरुस्ती केली की फलकाचा मान जातो, हे खरं. तरी पुसून लिहिलं : विहिरीचं पाणी पिऊ नये. तासभर थांबलो. वाचायला कुणी नाही. सगळे मसणवट्यात.

१२ एप्रिल, येरमाळा
पहाटेपासून शिवकांताला उलट्या. कुणाला हाक मारावी सुचेना. नागूबाईंनीच बैलगाडी आणली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, साथ कधीपासून? चार दिवस म्हणालो. इकडं कळवलं का नाही? काल फळ्यावर लिहिलं होतं, म्हणालो.
“गुरुजी, येरमाळ्यातून तुमचा फळा दिसतो का?”
नागूबाई शिवकांताचे गार तळवे चोळत होत्या.
दोन वाजता शिवकांतानं डोळे उघडले, पाणी मागितलं. कुठलं देऊ, ते मी नागूबाईंना विचारलं.