गाडी बदलायला अकरा मिनिटं

प्रिय सौभाग्यवतीस,

मी ठणठणीत आहे, जेवणही वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे?

तुम्ही तिघं इकडे आलात की करायच्या युरोप सहलीचं वेळापत्रक तयार झालं. नऊ दिवसांत पाच शहरं! पुस्तकं उघडून लिफ्ट दुरुस्ती शिकलेल्या माणसाला एजंट कशाला हवा?

तू फोनवर म्हणालीस, "अहो, त्यात पोरांना शू करायला वेळ ठेवलाय का?" मी हसण्यावारी नेलं.

एका स्टेशनवर गाडी बदलायला अकराच मिनिटं आहेत. म्हणून रविवारी दोन भरलेल्या बॅगा घेऊन स्वतः चालून पाहिलं. सहा मिनिटं दहा सेकंद लागले. खुशीत वहीत मांडायला बसलो: तुला सात, थोरल्याला आठ. धाकटीपाशी पेन अडलं. मी निघालो तेव्हा ती रांगत होती. तिचं चालणं मी फोनवर, सोफ्यापासून दारापर्यंतच पाहिलंय.

दोन वर्षं फार झाली गं. मीच आधी एकदा घरी यायला हवं होतं.

चार शहरं खोडली आहेत. एकाच ठिकाणी निवांत राहू.

एवढं मात्र कळव, अनोळखी माणसाने उचलून घेतलं तर धाकटी रडते का?

तुझाच,
पोरांचा बाबा